तोंड मिटून पडायचं

त्यांना सगळे आपटीबाई म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याची जीभ तिखट आणि नजर साफ असणार. इतर माणसं आयुष्यात एकदोनदा आपटी खातात आणि महिनाभर तोंड लपवतात. बाई रोज सकाळी डबा घेऊन आपटी खायला निघत आणि संध्याकाळी हाडं जागेवर आहेत ना हे चाचपत घरी येत. तोच त्यांचा धंदा होता.

सिनेमात नायिकेला गच्चीवरून ढकलतात, तेव्हा वर कठड्याशी नायिका असते आणि खाली जमिनीवरही नायिका असते. मधल्या हवेत आपटीबाई असत. खलनायक जिचे केस धरून फरशीवरून फरफटत नेतो, जिच्या पाठीवर काचेचं दार फुटतं, जी पेटलेल्या खोलीतून बाहेर धावते, घोड्यावरून, गाडीतून, होडीतून जी खाली जाते, ती सगळी एकच बाई. अंगावर नायिकेचे कपडे, डोक्यावर नायिकेसारखे केस, तोंड कायम पलीकडे. उभ्या जन्मात त्यांचा चेहरा पडद्यावर दिसला नाही. माझी पाठ माझ्या थोबाडापेक्षा जास्त लोकांनी पाहिलीय, असं म्हणून त्या हसत आणि हसताना डाव्या बरगडीवर हात ठेवत. ती बरगडी एका पुलावरच्या मारामारीत मोडली होती आणि पुढे कधी नीट बसलीच नाही.

पडायला त्यांना मारामारीच्या मास्तरांनी शिकवलं. पडद्यावर कुणी कुणाला कुठे आणि कसं मारायचं हे ठरवणारे ते मास्तर. तेव्हाच म्हातारे होते, एका कानानं बहिरे, आणि ज्यांनी हातानं दांडा फिरवून कॅमेरा चालवला अशा लोकांच्या हाताखाली तयार झालेले. ते म्हणत, सिनेमा चालायला शिकला तोच हाणामारी करत. सुरुवातीच्या काळात पडद्यावर बाईचं डोकं उडवायचं असेल तर तिला ओंडक्यावर मान ठेवायला लावायचे, मग कॅमेरा थांबवून बाकीच्यांना आहेत तिथे गपगार उभं करायचे, बाईला उठवून तिच्या कपड्यांतली पेंढ्याची बाहुली तिथे ठेवायचे, आणि कॅमेरा पुन्हा सुरू करून कुऱ्हाड घालायचे. मधला थांबा कुणाला दिसायचा नाही. दिसायचं ते घरंगळणारं मुंडकं. ठोसा जोराचा हवा असेल तर दांडा हळू फिरवायचा, मग पडद्यावर आळशी हातसुद्धा सणसणत यायचा.

थपडेवर तर मास्तरांचं एक अख्खं व्याख्यान होतं. एका तुकड्यात हात उगारलेला, दुसऱ्या तुकड्यात गाल वळलेला, मध्ये कात्री. मग थप्पड कुठे आहे? नवीन पोरांना ते हे विचारत आणि पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत. ती बघणाऱ्याच्या डोक्यात असते रे गाढवांनो, मास्तर सांगत. तोच मारतो आणि तोच रडतो, आपण फक्त तिकीट फाडतो.

पण त्यांची सगळ्यात लाडकी युक्ती वेगळी होती. इकडे घरात एकटी बाई, दारावर गुंडांच्या लाथा. तिकडे तिला सोडवायला निघालेला घोडेस्वार. इकडे कडी वाकते, तिकडे घोडा नदीत शिरतो. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे, तुकडे लहान लहान होत जातात आणि बघणाऱ्याच्या मुठी आवळतात. दार मोडतं आणि त्याच क्षणी घोडा अंगणात. मास्तर डोळा मिचकावून म्हणत, घोड्याला कधी उशीर होत नाही, कारण कात्री त्याच्यासाठी थांबते.

आपटीबाईंनी हे सगळं ऐकलं, पण खरी खूणगाठ बांधली ती एकाच नियमाची. तोंड मिटून पडायचं. किंकाळी नंतर भरतात, बंद खोलीत, दुसऱ्याच कुणा बाईकडून. पडणारीनं तोंड उघडलं तर जीभ दातांत येते. एका पोरीच्या जिभेचा शेंडा स्टुडिओच्या फरशीवर पडलेला बाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा दात आवळायचे, श्वास नाकातून सोडून द्यायचा, कोपरं अंगात घ्यायची, खांद्यावर उतरायचं आणि लोळत जायचं. चांगलं पडणं म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला कुणीतरी गादी टाकली असं वाटलं पाहिजे.

दुसरा नियम होता तो मारणाऱ्यासाठी. मार खाणारा मालक. त्यानं अंगठा मुठीत घेतला की तो तयार. त्याआधी कुणी हात उचलायचा नाही. बाईंना इतकी वर्षं ढकलणारा, बुकलणारा, खिडकीतून बाहेर भिरकावणारा माणूस एकच होता आणि त्याचं नाव अर्थातच ढकल्या पडलं होतं. दांडगा, मानेवर चरबीच्या दोन वळ्या, आणि स्वभावानं इतका मऊ की घरात पाल निघाली तर बायकोला हाक मारायचा. बाईंचा अंगठा आत गेलेला दिसेपर्यंत त्याचा पाय जागचा हलत नसे. बाईंचा नवरा, दिवे लावणारा कामगार, पोरगी लहान असतानाच आजारानं गेला, तेव्हा खांदा द्यायला पहिला ढकल्या आला होता.

पोरगी स्टुडिओतल्या गाद्यांवरच वाढली. कपाटावर चढायचं आणि खाली यायचं हा तिचा खेळ. बाईंनीही हौसेनं शिकवलं. कोपरं आत. श्वास सोड. तोंड मिट. पोरगी मांजरीसारखी उतरायची आणि बाई लोकांना बोलावून बोलावून दाखवायच्या. आपल्या धंद्यातलं दुसरं देण्यासारखं त्यांच्याकडे होतं तरी काय?

मग दिवस बदलले. सिनेमात माणसं पाडायला माणसं लागेनाशी झाली, कॉम्प्युटर पाडायला लागला. बाई घरी बसल्या. पोरीचं लग्न झालं होतं. जावई दिसायला चांगला, बोलायला गोड, सासूच्या हातातली पिशवी काढून घेणारा. शेजारणी म्हणत, नशीब काढलं हो पोरीनं.

अशात एके दिवशी ढकल्या सांगत आला की व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीला पडणारी बाई हवी आहे. बाईंना वाटलं, थट्टा करतोय. पण गेल्यावर काम खरं निघालं. शहराबाहेरचं जुनं गोदाम होतं. भिंती काळ्या कापडानं झाकलेल्या, छताला गोल फिरून कॅमेरे टांगलेले, खाली गाद्या, नळ्यांचे सांगाडे आणि फळ्यांचा एक जिना, जो कुठेच जात नव्हता. बाईंना अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख दिला, त्यावर जागोजागी पांढऱ्या गोळ्या चिकटवलेल्या. त्या गोळ्यांवरून कॉम्प्युटर शरीराची प्रत्येक हालचाल टिपून घ्यायचा. बाईंनी आरशात पाहिलं आणि ढकल्याला म्हणाल्या, मला कांजिण्या आल्यात आणि तू नुसता बघतोयस.

दिग्दर्शक चाळिशीचा, जाड चष्म्याचा, आणि मुक्या सिनेमानं पुरता झपाटलेला. त्याच्या गेममध्ये रंग नव्हते. सुरुवात रेल्वे इंजिनाच्या नाकावर बसल्यासारखी व्हायची, रूळ सरळ अंगावर यायचे. प्रसंग संपला की काळं वर्तुळ आवळत आवळत पडदा गिळायचं. मास्तरांच्या सगळ्या युक्त्या त्याला ठाऊक होत्या, काही मास्तरांना नसतील अशाही. बाईंना तो मनापासून आवडला. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

त्यानं गेम समजावून सांगितला. वरच्या मजल्यावर नवरा बायकोला मारतो आहे. खेळणारा म्हणजे खालच्या मजल्यावरचा शेजारी. तो वेळेत वर पोहोचला तर बायको वाचते, नाही तर नवरा तिला जिन्यावरून ढकलतो आणि ती मरते. म्हणजे तीच घोडेस्वाराची जुनी गोष्ट. फरक एवढाच, तो म्हणाला, की पूर्वी लोक खुर्चीत बसून मुठी आवळायचे, आम्ही लगाम त्यांच्या हातात देतोय. आमच्याकडे कात्री नाही. उशीर झाला तर झाला.

कात्री नाही याचा दुसरा अर्थ बाईंना जिन्यावरच्या कामाच्या पहिल्याच दिवशी कळला. सिनेमात ठोसा गालापासून वीतभर लांबून जातो आणि कॅमेरा अशा बाजूला ठेवतात की ती वीत दिसू नये. गेममध्ये खेळणारा हवं तिथे जाऊन उभा राहतो. तो बाजूनं बघणार, मागून बघणार, आणि ती वीत त्याला दिसणार. तेव्हा ठोसा लागायलाच हवा होता. ढकल्याच्या मुठीला स्पंज बांधला, बाईंच्या जबड्यावर पट्टी लावली. बाईंनी अंगठा मुठीत घेतला. ढकल्यानं मारलं. इतक्या वर्षांत त्याचा हात बाईंना पहिल्यांदा लागला, ओठ आतून फाटला आणि रक्त हनुवटीवर आलं. हे बरोबर आलं, असं दिग्दर्शक हळूच म्हणाला. ढकल्या बाहेर जाऊन नळाखाली हात धरून बसला. त्या आठवड्यात त्यानं बाईंना पोटात मारलं, कानशिलात मारलं, भिंतीवर आपटलं, जिन्यावरून पुढे ढकललं, मागे ढकललं, केस धरून ओढलं. दर वेळी अंगठा, दर वेळी मार, आणि दर वेळी तो बाईंच्या हातात पाण्याचा पेला द्यायचा.

त्याच सुमारास रविवारी दुपारी पोरगी आली. बऱ्याच दिवसांनी. उकाडा असताना लांब बाह्या. बाईंचा सुजलेला ओठ पाहून ती दारातच थबकली. बाई म्हणाल्या, अगं, कामावरचं आहे. पोरगी म्हणाली, हं. मग चहा झाला. कप धरताना तिचं मनगट वळत नव्हतं. बाईंनी विचारलं तर म्हणाली, जिन्यावरून पडले.

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर खपलं असतं. मनगट दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरकडे खपलंही होतं. पण बाई जिन्यांवरून किती वेळा खाली आल्या होत्या, सिमेंटच्या, लाकडी, लोखंडी, पेटलेल्या. त्यांनी पोरीची बाही वर सरकवली, पायही पाहिले. तळहात साफ होते, कोपरं साफ होती, नडग्या साफ होत्या. पाय घसरून पडणारा माणूस आधी हात टेकतो, आणि तिथे एक ओरखडा नव्हता. होतं ते दंडाच्या आतल्या बाजूला, चार बोटं आणि एक अंगठा, निळं होऊन पिवळं पडायला लागलेलं. दुसरं कानामागे, केसांत.

"कशी पडलीस?" बाईंनी विचारलं.

पोरीनं बाही खाली ओढली. मग म्हणाली, "तू शिकवलंस तशी. कोपरं आत, तोंड मिटून. खालच्या काकू दुपारच्या झोपलेल्या असतात, त्यांची झोपसुद्धा मोडत नाही."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि तोंड दाबायला जावयाला हातसुद्धा लावावा लागत नव्हता. ते काम बाईंनीच करून ठेवलं होतं, गाद्यांवर, कौतुकानं, लोकांना बोलावून बोलावून.

मग एकेक बाहेर आलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं होतं. आधी थप्पड, मग भिंत, आता जिना. हे मनानं वाईट नाहीत गं, पोरगी म्हणत होती, राग आला की यांना सुचत नाही, नंतर स्वतःच मलम लावतात. बाई म्हणाल्या, जाऊ नकोस परत. पोरगी म्हणाली, हे न्यायला येणार आहेत, आता गेले नाही तर घरी गेल्यावर जास्त होईल. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. जावई वर आला, हसला, बायकोची पिशवी स्वतः उचलली. बाईंच्या ओठाकडे बघून म्हणाला, "आई, आता या वयात पडणं बंद करा. जपायला हवं." त्याचा हात पोरीच्या दंडावर होता, बरोबर त्या बोटांच्या खुणांवर, आणि पोरगी हूं की चूं करत नव्हती.

बाईंनी तेव्हाच त्याचा गळा धरायला हवा होता. मला विचाराल तर दारातच धरायला हवा होता. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या. इमारतीत तमाशा नको, पोरीचा जीव आणखी संकटात नको, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि पाय हलले नाहीत. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन त्या एवढंच म्हणाल्या की काही झालं तर हाक मार, मी आलेच. पोरीनं मान हलवली. गाडी गेली. बाई खिडकीत उभ्या राहिल्या आणि त्यांना बरं वाटलं, काहीतरी ठरलं म्हणून. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात काढतो बघा.

पुढचे दिवस त्या फोन उशाशी घेऊन झोपल्या, अंघोळीला गेल्या तरी दाराबाहेर फोन. हाक आली नाही. त्यांनी फोन केला की पोरगी म्हणायची, बरं चाललंय, आणि मागून जावयाचा गोड आवाज यायचा, आईंना नमस्कार सांग.

एका दुपारी दिग्दर्शकानं बाईंना आणि ढकल्याला कामाच्या मध्येच बोलावलं. जिन्याचा भाग तयार झाला होता आणि आपलं पडणं बाईंनी बघावं अशी त्याची इच्छा होती. नुसतं बघायचं कशाला, खेळा, असं म्हणून त्यानं बाईंच्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. गोळ्यांचा पोशाख अंगावर तसाच ठेवून बाई पडद्यासमोर बसल्या.

आधी त्यांचा पडद्यावरचा शेजारी भिंतीवरच धडकत राहिला. ढकल्या हसला. मग जमलं. खालच्या मजल्यावरची खोली होती, कपाटं, खण, टेबलावर दिवा. जिकडे बघावं तिकडे वस्तू चमकत होत्या, उचला म्हणत होत्या. बाईंनी खण उघडला, दिवा उचलला, वर काहीतरी ओरडा झाला, बाईंनी दुसरा खण उघडला. मग जिन्यावर धडधड झाली. बाहेर जाऊन पाहतात तो खालच्या पायरीवर बाई पडलेली, मान भलत्याच बाजूला वळलेली. तो खांदा बाईंनी ओळखला. तो त्यांचाच होता. काळं वर्तुळ आवळत गेलं आणि मधोमध अक्षरं आली: उशीर झाला.

पुन्हा, बाई म्हणाल्या.

या वेळी त्या ओरडा ऐकताच धावल्या, पण जिन्याच्या वळणावर वेळ गेला. दार उघडं होतं. आत नवरा मारत होता आणि त्यांना सगळं दिसत होतं, बाजूनं, अगदी जवळून. मूठ गालावर बसत होती. मध्ये वीतभर जागा नव्हती. बाई बटणं दाबत राहिल्या, तो त्या बाईला फरफटत जिन्याशी घेऊन आला आणि त्यानं तिला त्यांच्या डोळ्यांदेखत खाली फेकलं. वर्तुळ. उशीर झाला.

पुन्हा.

तिसऱ्या वेळी त्या ओरडण्याची वाटच बघायला थांबल्या नाहीत. खेळ सुरू झाल्याबरोबर खोलीबाहेर, सरळ जिना चढून वर. दार बंद होतं. त्यांनी बटण दाबलं. दाबत राहिल्या. दार हललं नाही.

"ते एवढ्यात उघडणार नाही," दिग्दर्शक म्हणाला. "ती ओरडली की उघडतं. तीच खेळणाऱ्याला खूण. जुन्या सिनेमातही तसंच असायचं ना, बाईचा उघड्या तोंडाचा चेहरा पडदाभर दिसला की मग घोडेस्वार निघायचा."

"आणि ती ओरडलीच नाही तर?"

दिग्दर्शकानं चष्मा काढून पुसला. त्यानं खरंच विचार केला, असं ढकल्या नंतर सांगत असे. मग तो म्हणाला, "मग बाहेरच्याला कळणार कसं, बाई? गोष्ट सुरूच होणार नाही."

बाईंनी यंत्र टेबलावर ठेवलं. पडद्यावर त्यांचा शेजारी बंद दारासमोर तसाच उभा होता. हाक मार म्हणून सांगितलं होतं आपण. कुणाला? जिला हाक न मारायला जन्मभर शिकवलं तिला. त्यांना राग आला. तो जावयावर होता, मास्तरांवर होता, घोड्यांवर आणि कात्र्यांवर होता, पण सगळ्यात मोठा स्वतःवर होता. त्यांनी ढकल्याला गाडी काढायला सांगितलं. त्यानं कुठे म्हणून विचारलं नाही. पोशाखावर कोट चढवून त्या निघाल्या.

पोरीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ, रस्त्यावर कुणी नाही, इमारतीत पंख्यांचा आवाज तेवढा. ढकल्याला त्यांनी खाली गाडीपाशीच थांबवलं. दोघं गेलो तर तो दारच उघडणार नाही, त्या म्हणाल्या. जिना चढताना त्या कान देत होत्या. कुठे काही नव्हतं, ओरडा नाही, रडणं नाही. वरच्या दारापाशी पोहोचल्यावर आतून एक आवाज आला, कुणीतरी गादी टाकावी तसा.

बाईंनी दारावर दोन्ही हातांनी बडवलं.

बऱ्याच वेळानं जावयानं उघडलं. केस विंचरलेले, शर्टाचं एक बटण तुटलेलं. अरे, आई, तुम्ही, न कळवता, असं म्हणत तो हसला आणि दारात आडवा उभा राहिला. बाई त्याच्या हाताखालून आत गेल्या. पोरगी स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. नाकातलं रक्त ओठांवरून खाली आलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

चल, बाई म्हणाल्या, आणि तिला काखेत हात घालून उठवलं. जावई गोड आवाजात समजावायला लागला. नवराबायकोत होतं असं कधीकधी, तुम्ही मध्ये पडू नका. बाई चालत राहिल्या. त्यानं पोरीचा हात पकडला, बाईंनी त्याच्या मनगटाला चावा घेतला, चांगला हाडापर्यंत. तो कळवळला आणि मग त्याचा गोडवा गेला. त्यानं बाईंना एक गुद्दा मारला, कानाखाली, आणि बाईंना कळलं की याला मारायची सवय आहे, पण धंदा म्हणून मारणाऱ्याची नाही. अंगठा बघायचा असतो हे याला माहितीच नाही. पोरीला आतच सोडून त्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी आल्या आणि त्याच्याकडे वळून उभ्या राहिल्या. त्यानं दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवले आणि सगळ्या ताकदीनं ढकललं.

पाय पायरीवरून सुटले. त्या क्षणी बाईंच्या अंगाला सगळं आपोआप ठाऊक होतं. कोपरं आत यायला निघाली होती, खांदा वळायला लागला होता, श्वास नाकात आला होता. असं पडल्या असत्या तर खालच्या वळणावर कपडे झटकून उठल्या असत्या, आणि इमारत झोपलेलीच राहिली असती.

बाईंनी कोपरं बाहेर काढली आणि तोंड उघडलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्या वाईट पडल्या. एखादी नवखी पोरगीही इतकी वाईट पडत नाही. किंकाळी त्यांच्या पोटातून निघाली ती खालच्या वळणापर्यंत थांबली नाही. आधी कोपर पायरीवर आपटलं आणि फुटलं. मग गळपट्टीचं हाड गेलं, त्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. मग लोखंडी कठड्यावर तोंड आदळलं, दात तुटला, जीभ फाटली, आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं त्या ओरडतच राहिल्या. पोशाखावरच्या पांढऱ्या गोळ्या निघून पायऱ्यापायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेल्या. बाई वळणावर डोकं खाली, पाय वर अशा पडल्या. त्यांचा धंदा तिथे संपला. तो हात पुढे कधीच खांद्याच्या वर गेला नाही.

दारं उघडली. समोरच्या घरातला म्हातारा आला, मधल्या मजल्यावरची दोन माणसं आली. खालच्या काकू झोपेतून उठलेल्या तशाच, केस मोकळे, धापा टाकत वर आल्या आणि बाईंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. त्यांच्या मागून ढकल्या आला. तो त्या तुटलेल्या कोपराकडे बघत उभा राहिला.

वर दारात जावई होता. मनगट मागे लपवलेलं, श्वास लागलेला, पण आवाज पुन्हा जागेवर आलेला. "पाय घसरला हो त्यांचा," तो म्हणाला. "वय झालंय, ऐकत नाहीत. जिन्यावरून पडल्या."

लोकांनी माना वळवून वर पाहिलं. तसं बोलणं अगदी पटण्यासारखं होतं. म्हातारी बाई, उभा जिना, अंगावर कसला तरी चमत्कारिक पोशाख. काकूसुद्धा म्हणाल्या, जपून चालायचं ना हो. बाईंना उत्तर द्यायचं होतं, पण फाटलेल्या जिभेला शब्द येत नव्हता, नुसता रक्ताचा बुडबुडा आला. त्यांनी उलट्या दिसणाऱ्या जिन्यातून वर पाहिलं. जावयाच्या मागे पोरगी उभी होती, नाकाखाली रक्त, ओठ मिटलेले. आपण जे करायचं ते केलं. आता पुढचं तिच्या हातात होतं, आणि आपल्याला काहीच करता येणार नव्हतं, हे बाईंना कळत होतं आणि हाडांपेक्षा तेच जास्त दुखत होतं.

जावयानं मागे न बघताच हात मागे नेऊन पोरीचा दंड धरला.

पोरगी ओरडली. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज, घोगरा, कधी न वापरलेला. तिला स्वतःलाच तो ऐकून धक्का बसला असावा, कारण ती क्षणभर गप्प झाली. मग तिनं दंड सोडवून घेतला आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी बोलली.

"माझी आई अशी पडत नाही. यानं ढकललं तिला. मलाही ढकलतो."

लग्नापासून तिच्या तोंडी नवऱ्यासाठी 'हे' आणि 'यांनी' सोडून दुसरा शब्द नव्हता. जिन्यातल्या कुणाला ते उमगलं नसेल, पण बाईंना उमगलं. पोरगी कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. तिच्या मागे येण्यासाठी जावयानं एक पाऊल टाकलं, आणि तेव्हा ढकल्या, कुणाचा अंगठा न बघता, जिना चढू लागला.